खलात गेलेली कॅप्सूल

“बेटा, तुयं औषध लय कडू हाय,” करीमचाचा म्हणाले. मी अजून हातातली बॅग खालीसुद्धा ठेवली नव्हती.

मी जागच्या जागी थांबलो. कडू? ते औषध जिभेला कडू लागायचं काही कारणच नव्हतं. आत कडवट औषध होतं हे खरं, पण ते जिभेपर्यंत पोचू नये म्हणून तर कंपनीने एवढा खटाटोप केला होता. तो खटाटोप डॉक्टरांना समजावून सांगायचा पगार मला मिळत होता.

मी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह होतो. एम.आर. म्हणतात तो. चामड्याची जड बॅग, गळ्यात टाय, वऱ्हाडातला मे महिना आणि एसटीची मागची सीट, असा माझा संसार. काम एवढंच की डॉक्टरांना भेटायचं, कंपनीच्या औषधांची माहिती द्यायची, सॅम्पल द्यायची आणि ऑर्डर मिळवायची. ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. माझं घर वाशीमला, आणि रिसोड माझ्या एरियात येत होतं.

करीमचाचा रिसोडच्या बाजारात कल्हईचं काम करायचे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा मुलामा देणे म्हणजे कल्हई. भांडं भट्टीवर तापवायचं, त्यात नवसागर टाकून कथील फिरवायचं. नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो. तो धूर चाचांनी जन्मभर नाकाने ओढला होता. मी लहान असताना ते भाता-पेटी घेऊन वाशीमला आमच्या वस्तीत यायचे. धर्मांतरानंतरच्या त्या वर्षांत आमच्या दारात बसून काम करायला सगळेच कारागीर तयार नसायचे. चाचा बसायचे, आईच्या हातचा चहा प्यायचे आणि पोरांना भाता ओढायला द्यायचे. त्यामुळे रिसोडला गेलो की त्यांच्या दुकानी थांबल्याशिवाय माझी फेरी पुरी होत नसे.

धुराने त्यांना दमा झाला होता. त्यांच्या डॉक्टरांना आमची दम्याची नवी कॅप्सूल मीच समजावून दिली होती. डॉक्टरांनी ती सुरू केली आणि चाचा पहिल्या आठवड्यांत इतके सुधारले की दुकानात बसून गुणगुणायला लागले. मी मनातून फुशारून गेलो होतो.

आता तेच चाचा माझ्यासमोर बसले होते आणि त्यांच्या हातातली सांडशी थरथरत होती. उजव्या कोपराखाली पट्टी बांधलेली होती.

“काय झालं हाताले?” मी विचारलं.

ते बाही पट्टीवर ओढायला लागले. मागच्या पडद्याआडून रशीदाचाची बाहेर आल्या. त्यांना असली टाळाटाळ चालत नसे.

“भट्टीवर पडले,” त्या म्हणाल्या. “सकाळी पुडी घेतली का छाती धडधड करून राह्यली यायची. हात कापते, उलट्या होते. परवा चक्कर आली न् सरके निखाऱ्यावर. मी होती म्हून बरं झालं. आन् रात्री पुन्हा तोच दमा. रातभर भिंतीले टेकून बसून राहते.”

“पुडी?” मी म्हणालो. “कॅप्सूल नाही?”

“पयले कॅप्सूल देली होती. आता पुडी देते. डाक्टरसाब म्हनते औषध तेच हाय.”

सकाळी धडधड, रात्री दमा. हे वाचायला मला डॉक्टर असायची गरज नव्हती. औषध एकदम सगळं अंगात उतरत होतं आणि रात्रीसाठी काही शिल्लकच राहत नव्हतं.

इथे त्या कॅप्सूलविषयी थोडं सांगायला हवं. ती बाहेरून साधी दिसते. अर्धं टोपण रंगीत, अर्धं आरपार दिसणारं. आत पूड नसते, मोहरीएवढे रंगीत गोल दाणे असतात. संक्रांतीचा हलवा कसा करतात ते आठवा. परातीत तीळ घेऊन त्यावर चमचा-चमचा पाक टाकत हलवत राहायचं, म्हणजे एकेक थर चढत जातो. कारखान्यातही असंच. मोठ्या फिरत्या भांड्यात साखरेचे बारीक कण घेतात, त्यांवर औषधाचा थर चढवतात आणि सगळ्यात वरून मेण व चरबीसारख्या पदार्थाचा लेप देतात. वनस्पती तुपासारखा पदार्थ, पण कडक. काही दाण्यांवर लेप पातळ, काहींवर जाड. पोटात गेल्यावर पातळ लेपाचे दाणे आधी औषध सोडतात, जाड लेपाचे मागाहून. त्यामुळे सकाळी घेतलेली कॅप्सूल संध्याकाळपर्यंत काम करते, संध्याकाळची रात्रभर. कंपनीच्या भाषेत सस्टेन्ड रिलीज.

म्हणजे सगळं काही त्या लेपावर अवलंबून. एकाच कॅप्सूलमध्ये बरंच औषध भरलेलं असतं, कारण ते हळूहळू निघणार हे गृहीत धरलेलं असतं. लेप फोडला की ते सगळं एका घोटात माणसाच्या अंगावर येतं.

“एखादी पुडी दाखवता?” मी म्हणालो.

चाचींनी आतून आणली. वर्तमानपत्राच्या कागदाची चौकोनी पुडी, आत पांढरट पूड. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. आधी गोड लागली, मग जबडा आखडावा इतकी कडू. बोटाला तेलकट लागलं ते वेगळंच.

“ही घेऊ नका,” मी म्हणालो.

“डाक्टरसाबले काय सांगू मंग?” चाचा म्हणाले. “नाही बेटा. माया पोरीच्या बाळंतपनात त्यो मानूस पुरातून बैलगाडीनं आला होता. त्याच्या पुडीले मी नाही कसा म्हनू?”

ते खरं होतं. हे डॉक्टर म्हणजे काही लुटारू माणूस नव्हता. गावात त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत. गरिबाला ते दारातून परत पाठवत नसत. पण त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, आणि तो शब्द खाली पडू द्यायची कुणाची हिंमत नव्हती. माझ्या बॅगेत सॅम्पलच्या काही स्ट्रिप होत्या. त्या मी चाचींच्या हातात ठेवल्या आणि सांगितलं, “ह्या गिळायच्या, चावायच्या नाहीत. त्या सरायच्या आत मी बंदोबस्त करतो.”

बंदोबस्त करतो म्हणालो खरा. कसा करणार ते मला माहीत नव्हतं.

दवाखाना बाजारापासून जवळच होता. ओसरीवर पेशंटची ही गर्दी. मी डॉक्टरांच्या केबिनकडे न जाता बाजूच्या खोलीत गेलो, जिथे कंपाउंडर गजाननभाऊ औषधं बनवायचे. समोर चिनी मातीचा खल. बाजूला आमच्या कॅप्सूलचा मोठा डबा आणि कॅप्सूलच्या रिकाम्या टोपणांचा ढीग. गजाननभाऊ बत्ता जोर लावून घोटत होते.

“या इंगळे,” ते म्हणाले. “तुमचं औषध म्हंजे डोक्याले ताप. लय चिकट. खलाले लागून बसते. खडीसाखर टाकून घोटली तवा कुठी पूड होते.”

“भाऊ, चिकट आहे कारण त्यावर लेप आहे. तो घोटायचा नसतो.”

“मले काय सांगता? या दवाखान्यातून अख्खी गोळी बाहेर जात नाही. सायबाची पद्धत हाय.”

ती पद्धत वऱ्हाडात तेव्हा जागोजाग होती. बाहेरच्या माणसाला ती विचित्र वाटेल. डॉक्टर स्वतःच औषध द्यायचे. गोळी तशीच दिली तर पेशंटला तिचं नाव कळतं, मग तो परस्पर दुकानातून आणतो, दवाखान्यात फिरकत नाही. म्हणून सगळ्या गोळ्या खलात घालून पांढऱ्या पुड्या करायच्या. ताप, खोकला, संधिवात, सगळ्याला पांढरी पुडीच. पेशंटचाही पुडीवर विश्वास. डॉक्टरने आपल्यासाठी खास बनवली असं त्याला वाटायचं. साध्या गोळ्यांचं त्यात काही बिघडत नव्हतं. पण आमची कॅप्सूल साधी नव्हती. पहिल्या आठवड्यांत चाचांना कंपनीची सॅम्पल मिळाली, ती फुकटची, म्हणून स्ट्रिप तशीच दिली गेली. मग माझ्याच ऑर्डरचा डबा आला आणि तो नेहमीच्या रस्त्याने खलात गेला.

गर्दी ओसरल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावलं. मी टाय नीट केला आणि सांगायला सुरुवात केली. चाचांची सकाळची धडधड, रात्रीचा दमा, भट्टीवर पडणं. मग लेप, दाणे, सगळं.

त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना काही नवीन सांगत होतो असं नाही. ते एम.बी.बी.एस. होते, मी बी.एस्सी. त्यांना लेप म्हणजे काय ते ठाऊक होतं.

“इंगळे, तू औषध विकतोस की शिकवतोस?” ते म्हणाले.

“सर, पेशंट भट्टीवर पडला.”

“त्याला मी बघतो. डोस जास्त होत असेल तर पुडी अर्धी करीन.”

“अर्धी केली तर दुपारनंतर काहीच राहणार नाही. रात्री दमा येणारच.”

“मग तुझं औषध कुचकामी आहे.”

“औषध चांगलं आहे सर. खल वाईट आहे.”

हे जरा जास्तच झालं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तरी त्यांनी आवाज चढवला नाही. “हे बघ,” ते म्हणाले, “नाव कळलं की लोक मनाने खातात. शेजाऱ्याला देतात. उद्या ही कॅप्सूल एखाद्या बाईने आपल्या पोराला सर्दीवर दिली तर? गाव मी सांभाळतो, तुझी कंपनी नाही.”

यात तथ्य नव्हतं असं मी आजही म्हणणार नाही. मी म्हणालो, “मान्य सर. मग नाव लपवा. टोपण काढून टाका, दाणे पुडीत भरा. फक्त घोटू नका. पेशंटने दाणे पाण्याबरोबर गिळले तरी औषध तसंच काम करतं.”

“रंगीत दाणे? माझ्या पुड्या पांढऱ्या असतात. उद्या सगळा बाजार विचारेल, करीमला वेगळं काहून आणि मला वेगळं काहून.” मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली. “सायन्स शिकून आलास म्हणून आता तुम्ही लोक आम्हाला शिकवणार?”

‘तुम्ही लोक’ म्हणजे एम.आर. लोक असा अर्थ कुणी लावू शकेल. मी लावला नाही. तो शब्द कसा उच्चारला जातो ते आमच्या वस्तीतल्या पोराला चांगलं कळतं. माझे बाबा जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे उचलत आणि संध्याकाळी माझी पाटी तपासत. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पाटी भरलेली आहे की नाही एवढंच ते बघायचे. अशा घरातून निघालेला माणूस ‘तुम्ही लोक’ ऐकून गप्प बसला तर ती पाटी वाया गेली म्हणायची.

“हो सर,” मी म्हणालो. “शिकलोय म्हणून सांगतोय.”

त्यांनी घंटी वाजवली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

डॉक्टरांची तक्रार माझ्या आधी वरती पोचली. आमचे एरिया मॅनेजर सबनीस यांनी लगेच जॉइंट वर्किंग लावलं. जॉइंट वर्किंग म्हणजे मॅनेजर एम.आर.बरोबर डॉक्टरांच्या भेटीला येतो. नावाला मार्गदर्शन, खरं म्हणजे कान धरायला. ते अकोल्याहून मीटर गेजच्या गाडीने वाशीमला उतरले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, पण टाय जागच्या जागी.

रिसोडच्या एसटीत त्यांनी मला सगळं ऐकवलं. “हे तुझ्या एरियातलं सगळ्यात मोठं अकाउंट आहे. तू त्यांच्याशी खलावरून भांडतोस?”

“सर, नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये तुम्हीच शिकवलंत. लेप म्हणजे या औषधाचा प्राण. तुमचंच वाक्य.”

“ते ट्रेनिंग होतं.”

“आणि हे?”

“हा धंदा आहे.” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “आज तू माफी मागायची, नवी ऑर्डर घ्यायची, विषय संपला. पेशंटला औषध कसं द्यायचं हे डॉक्टरचं काम. आपलं काम ऑर्डरपर्यंत.”

चाचींना दिलेल्या स्ट्रिप संपत आल्या होत्या. त्या संपल्या की चाचा पुन्हा पुडीवर जाणार, कारण त्या डॉक्टरांना नाही म्हणणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. आणि पुन्हा पडताना चाची जवळ असतीलच असं नाही. डोक्यात फक्त तेवढंच फिरत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सबनीससाहेबांचं स्वागत छान केलं. चहा आला, पाणी आलं. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाची मुंबईची ट्रिप, सगळं झालं. मग सबनीस माझ्याकडे वळले. “इंगळेला काही सांगायचंय.”

“हो,” मी म्हणालो. “सर, या औषधाची ऑर्डर मी घेणार नाही.”

सबनीसांचा कप बशीवर वाजला.

“बाकी सगळ्या औषधांची घेईन,” मी म्हणालो. “याची नाही. खलात जाणार असेल तर डबा परत द्या.”

“इंगळे,” सबनीस म्हणाले, “ऑर्डर घ्यायची की नाही हे तू ठरवत नाहीस.”

“सही माझी लागते सर. ती मी ठरवतो.”

डॉक्टर हसले. ते हसणं वाईट होतं. “सबनीस, तुमच्या या पोराला वाटतं मी लोकांना विष देतो.”

“छे छे,” सबनीस घाईघाईने म्हणाले. “कॅप्सूल काय न् पुडी काय, औषध एकच. पोटात गेल्यावर सगळं सारखंच होतं.”

हे वाक्य त्या माणसाने उच्चारलं ज्याने नागपूरच्या हॉटेलात तक्ता लावून आम्हाला दोन तास उलटं सांगितलं होतं. माझं डोकं फिरलं. मी उठलो, बाजूच्या खोलीत गेलो. गजाननभाऊंच्या ताटात दम्याच्या तयार पुड्या होत्या. एक उचलली आणि परत येऊन सबनीसांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

“मग सर, ही घ्या.”

“म्हणजे?”

“एकच डोस आहे. करीमचाचा रोज घेतात. पोटात गेल्यावर सगळं सारखंच होतं ना? पाणी समोर आहे.”

ओसरीवर कोणाचं तरी मूल खोकत होतं. सबनीस माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असेल मी मागे हटेन. मी हटलो नाही. मग त्यांचाही ताठा जागा झाला. मॅनेजर होते, हाताखालच्या पोराने डॉक्टरसमोर आव्हान दिलं होतं. “यात काय एवढं,” म्हणत त्यांनी पुडी उलगडली, कागदाची घडी करून पन्हळ केली आणि मान मागे टाकली.

“सबनीस, थांबा.”

डॉक्टर अर्धवट उठले होते. त्यांचा हात टेबलावरून पुढे आला होता आणि त्याने सबनीसांचं मनगट धरलं होतं. थोडी पूड टेबलाच्या काचेवर सांडली.

“कशाला उगीच,” डॉक्टर म्हणाले. “तुम्हाला ब्लडप्रेशर आहे.”

“करीमचाचांचं ब्लडप्रेशर कधी बघितलंत सर?” मी विचारलं.

मला इतका राग आयुष्यात फार थोड्या वेळा आला आहे. “त्यांच्या वेळी तुमचा हात असा मध्ये आला नाही. ते रोज हीच पुडी घेत होते. ते भट्टीवर पडले तरी तुम्ही पुडी अर्धी करतो म्हणालात. सबनीससाहेबांच्या तोंडात मात्र चिमूटभरही जाऊ दिली नाहीत.”

डॉक्टरांनी मनगट सोडलं. त्यांनी सांडलेल्या पुडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. मला वाटलं आता ते मला हाताला धरून बाहेर काढतील. मी त्यासाठी बॅगही उचलून ठेवली होती.

“बाहेर थांब,” ते म्हणाले.

मी ओसरीवर येऊन बाकावर बसलो. आतून घंटी वाजली. गजाननभाऊ धोतर सावरत आत गेले. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे मला ऐकू आलं.

“गजानन, ते दाणेवालं औषध घोटू नको.”

“मंग कसं देऊ सायेब?”

“तसंच. टोपण काढ, दाणे पुडीत बांध. चावू नका म्हणून सांगायचं, प्रत्येकाला. आणि करीमला उद्या बोलाव. आधी त्याचं ब्लडप्रेशर बघायचंय.”

बस्स, एवढंच. ते चुकलं असं म्हणाले नाहीत. मला ते ऐकायचंही नव्हतं.

वाशीमच्या एसटीत सबनीसांनी आधी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, “तुला नोकरी करायची आहे का?”

“करायची आहे.”

“मग असं वागतात?”

“सर, तुमचा हात धरला नसता तर तुम्ही पुडी घेतली असती का?”

रुमालाने ते बोटं पुन्हा पुन्हा पुसत होते. पूड तेलकट असते, लवकर जात नाही.

पुढच्या फेरीला मी चाचांकडे गेलो. सांडशी हातात स्थिर होती. एका पातेल्याला कल्हई करून त्यांनी ते माझ्यासमोर धरलं, तोंड दिसावं म्हणून.

“आता कडू नाही लागत,” ते म्हणाले. “पर बेटा, जन्मभर पान खाल्लं. तोंडात काही गेलं का दात आपसूक हालते. चावू नको म्हनता, कसं जमन?”

“पानी घोटभर प्यायचं न् सरकं गिळाचं,” चाची आतून म्हणाल्या. “मी समोर बसतो न यायच्या. बघू कसे चावते.”

“रात्री झोप येते का?” मी विचारलं.

“येते. आता मायी झोप नाही होत, लय घोरते हे,” चाची म्हणाल्या.

बाजारात त्या पुडीला हळूहळू दाण्याची पुडी म्हणायला लागले. डॉक्टरांना भीती होती तसं कुणी काही विचारलं नाही. उलट दाणे रंगीत म्हणजे औषध भारी, असा लोकांनी समज करून घेतला. संधिवाताच्या बायका आम्हालेबी दाण्याचीच द्या म्हणायला लागल्या आणि त्यांना नाही म्हणता म्हणता गजाननभाऊ मेटाकुटीला आले.

कंपनीने माझी इन्क्रिमेंट अडवली. मेमो आला. त्यात मी ग्राहकाशी उर्मट वागलो असं लिहिलं होतं. पेशंट हा शब्द त्यात कुठेच नव्हता. सबनीसांनी अकोल्याला बोलावून सांगितलं की डॉक्टरांना माफीचे दोन शब्द बोल, मी प्रकरण मिटवतो.

“कशाबद्दल माफी?” मी विचारलं.

“तो मुद्दा नाही.”

“माझा तोच मुद्दा आहे सर.”

बदली झाली. जंगलपट्टीतला एरिया, जिथे एसटीसुद्धा नाइलाजाने जायची. आई रडली. बाबा म्हणाले, “खोटं बोलून इथं राह्यण्यापेक्षा बरं.” मी ट्रंक बांधली.

बदलीचा हुकूम येईपर्यंतचे काही महिने मी रिसोडला जात राहिलो. मोठ्या डॉक्टरांनी मला पुन्हा कधी केबिनमध्ये घेतलं नाही. बाकीचे एम.आर. आत जात, चहा पिऊन बाहेर येत. मी ओसरीच्या बाकावर पेशंटमध्ये बसून राहायचो आणि गजाननभाऊ बाहेर येऊन ऑर्डर सांगून जायचे. त्या ऑर्डरीत दम्याची कॅप्सूल दर वेळी असायची.

या धंद्यात मी पुढे पुष्कळ वर्षं काढली. पुष्कळ डॉक्टरांनी मला चहा पाजला, चांगलं वागवलं, आणि माझ्या औषधांचं पेशंटच्या पोटात काय झालं ते मला कधी कळलं नाही. या एका डॉक्टरांनी माझं तोंड पाहिलं नाही, पण औषध बरोबर दिलं. केबिनमधला चहा आणि बरोबर दिलेलं औषध दोन्ही एका जागी मिळत नसतील, तर एम.आर.ने बाकावर बसायला शिकावं.